नाकातली नळी आणि मावशीची किटली

राजारामपुरीतल्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या नाकातून शेवईएवढी बारीक नळी घशाखाली सोडली. आवंढे गिळत मी विचारलं, "ही नेमकं मोजते काय?"

"आंबटपणा. टोकाला सेन्सर आहे. पोटातलं आम्ल वर अन्ननलिकेत आलं की आकडा खाली जातो."

मला गंमत वाटली, कारण हातकणंगल्याजवळच्या आमच्या दूध संस्थेत मी हेच करतो. फॅट यंत्र सांगतं, पण किटलीत वाकून, वास घेऊन दूध नासलंय का ते मीच ठरवतो. या नाकाचा मला भारी गर्व. महिन्यापूर्वी शेजारच्या गल्लीतल्या मावशींचं दूध मी भर रांगेत परत केलं होतं. "आत्ता धार काढलीया, लगेच नासंल कसं?" एवढंच त्या म्हणाल्या. मी ऐकलं नाही. तेव्हापासून त्या संस्थेत फिरकल्या नाहीत, आणि ते मला खुपत होतं.

छातीतली जळजळ वर्षभराची. दुर्बिणीच्या तपासणीत काही सापडलं नाही म्हणून ही चोवीस तासांची नळी. कमरेला डबी, तिला तीन बटणं: एक जेवताना, एक आडवं होताना, एक जळजळलं की. शिवाय वेळा लिहायला कागद. "रोज वागता तसंच वागा," असं बजावून डॉक्टरांनी मला सोडलं.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ढोसून नेहमीसारखा कामाला बसलो. नाकाला चिकटपट्टी बघून एकानं विचारलं, "काल काय खाल्लं ते बी दिसतंय काय त्यात?" मलाही तेच जाणून घ्यायचं होतं. तिसऱ्या किटलीत वाकलो आणि आंबट वास आला. परत करणार होतो, पण नळीमुळे मनात शंका आली. रांगेतल्या मागच्या माणसाला वास घ्यायला लावला.

"ग्वाड हाय की," तो म्हणाला. दुसऱ्यानंही तेच सांगितलं. मी दूध घेतलं आणि कागदावर वेळ लिहून ठेवली.

दुपारी दवाखान्यात नळी काढून डॉक्टरांनी संगणकावर आलेख उघडला. मी ती वेळ दाखवली. बरोबर तिथे रेघ खाली कोसळली होती. सकाळभर जेव्हा जेव्हा वाकलो, तेव्हा तेव्हा कमीजास्त तेच. डॉक्टर गोळ्या आणि पथ्य समजावत होते, पण माझं लक्ष त्या रेघेवरून हटत नव्हतं. मला फार लाज वाटली.

परस्पर मावशींच्या घरी गेलो. त्या म्हशीपुढे वैरण टाकत होत्या. "तुमचं दूध चांगलं असणार, मावशी. आंबट माझ्याच घशात होतं," म्हणालो.

त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "सगळ्यांम्होरं परत केलतंस. आन् सांगायला गोठ्यात आलास व्हय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी रांग दारापर्यंत भरली, तरी मी दुधाचा वजनकाटा सुरू केला नाही. आधी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर मावशींच्या दुधाचं सांगायला लागलो.