लॉरेन हुडाकचं मत

अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात, टायर-कामगारांच्या वस्तीत लॉरेन हुडाक कित्येक वर्षं एकाच पक्षासाठी दारोदार हिंडत आली होती. कामगार माणसं बहुतेक दुसऱ्या पक्षाची. पण लॉरेनचा शब्द मोडवत नाही म्हणून दर निवडणुकीत काही जण इकडे वळत.

तिचा नवरा एमिल टायरच्या कारखान्यात होता. म्हातारपणाची पुंजी शेअर बाजारात, आणि बाजार तेव्हा चढता. 'आता पुरे कर' असं लॉरेननंच म्हटलं आणि त्यानं काम सोडलं. दुसऱ्याच वर्षी, राष्ट्राध्यक्षाची निवडणूक तोंडावर असताना, बाजार कोसळला. सत्तेवर तेव्हा लॉरेनचाच पक्ष होता. पुंजी बघता बघता अर्ध्यावर आली. एमिल तिला एका शब्दानं बोलला नाही. सुपरमार्केटच्या आवारात विखुरलेल्या ट्रॉल्या गोळा करायच्या कामाला तो लागला.

पक्षाच्या कचेरीतून बजावलं होतं, की बाजाराचा विषय निघाला तर करांवर बोला, देशाच्या सुरक्षेवर बोला. लॉरेन तसंच बोलत राहिली. लोक ऐकून घेत आणि दार लावून घेत. एमिलचा कारखान्यातला जुना जोडीदार रॉय टॅकेट तेवढा उंबऱ्यात थांबला.

"वहिनी, एमिल पावसात ट्रॉल्या ढकलतोय. आणि तुम्ही त्यांच्यासाठीच मतं मागताय?"

हातातली पत्रकं तशीच घेऊन ती घरी आली.

ऑक्टोबर सरता सरता एमिल त्या आवारातच कोसळला. अर्धांगाचा झटका. उजवा हात गेला, जीभ जड झाली. इस्पितळात त्यानं घरबसल्या मत द्यायला टपालानं आलेली मतपत्रिका मागितली. बरा झालास की मग बघू, असं ती म्हणाली. त्यानं नकारार्थी मान हलवली. मग तिनं ती आणल्यावर खुणेनं दुसऱ्या पक्षाचा उमेदवार दाखवला.

"एमिल, तो आला म्हणून आपलं गेलेलं परत येणार आहे का?"

"नाही." जड जिभेनं शब्द जुळवत तो म्हणाला, "पण झालं काय, ते त्यांना कळू दे."

लॉरेननं पेन घेतलं आणि आयुष्यभर ज्या पक्षाविरुद्ध मतं मागितली, त्याच्या उमेदवारापुढचा गोल स्वतःच्या हातानं काळा केला. त्यानं डाव्या हातानं कशीबशी सही केली.

मतदानाच्या दिवशी ती केंद्रावर गेली. न्यायाधीश, शेरीफ, अशा तिथं निवडून द्यायच्या बाकी सगळ्या जागांची मतं आपल्या पक्षाला दिली. राष्ट्राध्यक्षाची जागा मात्र तिच्यानं भरवेना. ती तशीच कोरी ठेवून ती बाहेर पडली.

तिचा पक्ष हरला. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी बाजार पुन्हा घसरला. घरी आणलं तरी एमिल अंथरुणावरून उठला नाही तो नाहीच. नाताळानंतर लॉरेन त्याच सुपरमार्केटात गल्ल्यावर उभी राहू लागली.

चार वर्षांनी दुसऱ्या, आता सत्तेवरच्या पक्षाच्या दोन मुली मत मागायला तिच्या दारात आल्या. बाजार सावरलाय, असं त्यांतली एक सांगत होती. लॉरेननं सगळं ऐकून घेतलं.

"हळू बोला गं," ती म्हणाली, "आत माझा माणूस झोपलाय."