कानामागे हात

भाऊ एखाद्या मशीनचं नेटवर्क तोडत आणि लगेच उजवा हात कानामागे धरून दाराकडे वळत. "आता आयकू द्या, कोन बोंबलते ते." नवा माणूस हे पाहून हबकायचा. आम्ही जुने लोक तेवढ्यात चहा मागवायचो.

वर्ध्याजवळच्या एका दवाखान्यात मी प्रयोगशाळा सांभाळते. भाऊ सर्व्हर सांभाळत. तळमजल्यावरच्या थंड खोलीत लोखंडी कपाटं होती आणि त्यांतल्या मोठ्या यंत्रांच्या पोटात कितीतरी आभासी संगणक चालायचे. केसपेपरचा वेगळा, रक्ताच्या रिपोर्टचा वेगळा, औषधांचा वेगळा. साहेब लोक त्याला आपलं स्वतःचं क्लाउड म्हणायचे. भाऊ भाड्याच्या खोल्या म्हणायचे. "किरायेदार सारे अंदर, मॅडम. दिसत कोनीच नाई."

यातला कोण कोणाच्या आधाराने चालतो, हे कोणालाच धड माहीत नव्हतं. सॉफ्टवेअर बसवणाऱ्या एजन्स्या आल्या आणि गेल्या. म्हणून बिनकामाचा वाटणारा संगणक पुसायच्या आधी भाऊ त्याची फक्त जोडणी काढत आणि ऐकत बसत. ज्याचं काम अडेल तो ओरडत खाली येणारच. तो आला की जोडून द्यायचं आणि वर त्यालाच दटावायचं, "इतके दिवस काऊन सांगतलं नाई?"

एकदा अशा एका मशीनसाठी आठवडाभर कोणी ओरडलं नाही. मी म्हटलं, टाका पुसून. त्यांनी ऐकलं नाही. महिनाअखेरीस पगाराचे बाबू धापा टाकत खाली आले. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "पुरा महिना थांबा लागते, मॅडम. काई जन महिन्यातून एकदाच बोंबलतेत."

एका सकाळी आमचे रिपोर्ट वॉर्डात पोचेनात. सगळ्यांनी वायरींना दोष दिला. भाऊंनी दुपारपर्यंत मूळ शोधलं. कोणीतरी एका संगणकाची नक्कल काढली होती आणि तिचा पत्ता बदलायला विसरला होता. एका पत्त्यावर दोघं. "अल्लीपुरात माह्या काकाच्या शेजारी त्याच्याच नावाचा मानूस राह्यते. काकानं त्याच्या पोरीच्या सोयरिकीले होकार देऊन टाकलता." खरं किती होतं, कोण जाणे. असले किस्से ते गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरूनच सांगत.

खर्ऱ्यावरून मी त्यांना पुष्कळदा बोलले. तेवढ्यापुरते ते बाहेर जाऊन थुंकून येत.

पोळ्याच्या सुमाराला नवी यंत्रं आली आणि सगळे किरायेदार तिकडे हलवायचं ठरलं. माझ्या प्रयोगशाळेचा संगणक सगळ्यांत हट्टी निघाला. त्याचं सॉफ्टवेअर जुनं, ते ज्यांच्यावर चालतं ती सॉफ्टवेअरंही जुनी. त्यातलं एक जरी नवं केलं तरी सगळं बंद पडायचं. "घर नवं बांधा, पन म्हाताऱ्याची खाट बदलू नोका," असं म्हणत भाऊंनी ती खाट पायांसकट इकडून तिकडे नेली.

त्याच दिवसांत जेवताना माझं लक्ष गेलं. ते पोळी वरणात भिजवून, अगदी बारीक घास करून बोटाने आत ढकलत होते. तोंड उघडतच नव्हतं. खर्रा खाणाऱ्यांच्या तोंडातले तुकडे आमच्याकडे कॅन्सरसाठी तपासायला नेहमी येतात. मला कोणी सांगायची गरज नव्हती. मी त्यांना तिथेच म्हटलं, उद्या डॉक्टरांना दाखवा.

"हे शिफ्टिंग होऊ द्या, मॅडम. मी गेलो अन् काई बंद पडलं, त कोन पाहीन?"

"मशीन पाहायला दुसरा मिळेल. तोंड दुसरं मिळत नाही."

ते हसले. जेवढं हसता येत होतं तेवढं. दिवाळी झाली. मी दर सोमवारी विचारायची, ते दर सोमवारी उरलेल्या मशीनची नावं सांगायचे. संक्रांतीला शेवटचं मशीन हललं, आणि मग ते नागपूरला गेले. जबडा अर्धा काढला, जीभही गेली. डॉक्टर म्हणाले, दिवाळीआधी आला असता तर एवढं कापावं लागलं नसतं.

भाऊ वैशाखात गेले. मी त्यांना शेवटचं भेटले ते होळीनंतर, हिंगणीला, त्यांच्या घरी. काय न्यावं हेच कळेना, म्हणून रिकाम्या हाताने गेले. त्यांच्या बायकोने दारातच हळू आवाजात सांगितलं, "मोबाईल सोडत नाई जी. दवाखान्यातून फोन येईन म्हनून घडीघडी पाह्यतेत."

नाकात नळी, अर्धा चेहरा पट्टीत. मी खुर्ची ओढून बसले आणि प्रयोगशाळेच्या चार गोष्टी सांगितल्या. त्यांनी त्या ऐकल्या असं वाटलं नाही. मग त्यांनी उजवा हात उचलला आणि कानामागे धरला.

खोटं बोलता आलं असतं. आमचं मशीन दोनदा अडलं, सगळे तुमची आठवण काढत होते, असं काहीतरी. पण त्यांनी मोबाईलवर लिहून लगेच विचारलं असतं, स्क्रीनवर काय आलं, आणि मी तिथेच पकडले गेले असते.

"कोणीच नाही, भाऊ," मी म्हटलं.

त्यांनी दवाखाना सोडल्याला पुरा महिना केव्हाच उलटून गेला होता. तो हिशेब मी त्यांना सांगायची गरज नव्हती. ते माझ्याकडे पाहत राहिले आणि हात त्यांनी खाली घेतला नाही. बायको नळीतून पाणी द्यायला आली तेव्हाही तो कानामागेच होता. तिने तो मनगटाशी धरला, पांघरुणाखाली ठेवला आणि पाण्याचा पेला उचलला.