भावोजींनी सुधारलेला खून

आमचे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासत आले. निवृत्त झाले ते फक्त पगारापुरते. औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा ते पेन्सिल हातात घेऊनच वाचतात.

ताईने साठी उलटल्यावर रहस्यकादंबरी लिहिली. टेकडीवरचा मोठा बंगला, वादळात खचलेला रस्ता, अडकलेले पाहुणे, रेंज नसलेले मोबाइल आणि अभ्यासिकेत मालकांचं प्रेत. असल्या कादंबऱ्यांचा मी आयुष्यभर फडशा पाडला, पण खुनी एकदाही ओळखलेला नाही. माझा संशय दरवेळी डॉक्टरांवर. चेहरा बघून कॉपी पकडणारी बाई म्हणून शाळेत माझा दरारा होता. कागदावरचे खुनी मात्र मला खिशात घालून फिरतात.

"ही पसंत पडली नाही, तर पुन्हा पेन धरणार नाही," ताई म्हणाली. प्रकाशकांकडे सोमवारी द्यायची होती. ताईचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून भावोजींनी स्वच्छ प्रत करून दिली. शेवटचं प्रकरण तेवढं तिने स्वतःकडे ठेवलं; रहस्य घरातच फुटायला नको! प्रत मी वाचली, "कुठे बोट ठेवायला जागा नाही" असा शेरा दिला आणि खुनी डॉक्टरच, हेही ठणकावून सांगितलं.

रविवारी ताईने प्रत चाळली आणि कपाळावर हात मारला.

"अहो, मालकांच्या पुतण्याचे बूट ओले कसे?"

"मीच केले," भावोजी खुशीत म्हणाले. "धो धो पावसातून आला आणि बूट कोरडे? हसले असते लोक तुला."

"आणि त्याचा मोबाइल?"

"रात्रभर वीज नाही आणि सकाळी चार्जिंग पूर्ण? तेही उतरवलं."

"अहो, तेच तर पुरावे होते! तो पावसाआधीच येऊन, मोबाइल बंद करून बंगल्यात लपला होता. शेवटी माझ्या गुप्तहेर आजीबाई सगळ्यांना दिवाणखान्यात जमवून त्यावरूनच त्याला पकडतात. तुम्ही खुन्याला निर्दोष सोडवलंत!" मग ती माझ्याकडे वळली. "आणि तू गं? बोट ठेवायला जागा नाही म्हणे!"

मी डॉक्टरांची मनातल्या मनात माफी मागितली.

दुपारभर भावोजी ती पानं पुन्हा लिहीत होते. धडधडीत चूक स्वतःच्या हाताने लिहायची, म्हणजे त्या माणसाला विषाचा घोट. कोरड्या बुटांपाशी पेन थांबलं.

"खाली बारीक टीप देऊ का? 'ही चूक मुद्दाम ठेवली आहे' अशी?"

"द्या ना! शेजारी खुन्याचा पत्ताही लिहा!"

त्यांनी डोळे मिटून वाक्य पुरं केलं.

आठवड्याने प्रकाशकांचा फोन आला. ताईने सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"बाई, अर्धी वाचली, पण छापायची हे नक्की. एक बारीकशी चूक राहिलीय बघा. पावसातून आलेल्या माणसाचे बूट..."

भावोजींनी फोन हिसकावून घेतला. कान लाल झाले होते.

"ते कोरडेच राहू द्या," ते म्हणाले. "प्रत मी तपासलीय."