नर माशातलं झोपलेलं जनुक

आमच्या घरी मासे शिजले की मधल्या तुकड्या सासऱ्यांच्या ताटात जातात आणि आम्हा बायकांच्या वाट्याला रस्सा उरतो. मी माशांवर संशोधन करते, हे या घरात कुणाच्या खिजगणतीतही नव्हतं. एकदा सासरे नदीतला मरळ चापत होते, तेव्हा माझ्याच्यानं राहवलं नाही. म्हटलं, आपल्या नदीत सोसायट्यांचं सांडपाणी येतं, त्यात पाळणा लांबवायच्या गोळ्यांमधलं कृत्रिम इस्ट्रोजेन असतं. अंड्यातल्या बलकाचं प्रथिन बनवणारं जनुक नर माशातही असतं, पण ते जन्मभर झोपलेलं असतं. असल्या पाण्यात ते जागं होतं आणि नराचं यकृत मादीसारखं बलकाच्या कामाला लागतं.

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. ताट सासूबाईंकडे सरकवत ते म्हणाले, "आजपास्नं मी न्हाई खायचा. तुमी बायकांनी खावा."

सासूबाईंनी ताट पुन्हा त्यांच्यापुढे ठेवलं.

"खावा की मुकाट्यानं! आपलं खरकटं ताट आपण उचलायचं कायतरी तुमच्यातबी झोपलेलं असंल. लई वर्सं वाट बघतिया. ह्या माशानं जागं झालं तर झालं."