खेचर बेचैन आहे

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ, औषधाच्या दुकानावरच्या खोलीत मी दुपारी स्पॅनिश शिकवते. विद्यार्थी सातच, पण किस्से इतके साठलेत की कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

•

माझा सगळ्यात मोठा विद्यार्थी म्हणजे म्हसवडकडचे सुभेदार आबा. फौजेतून रिटायर्ड. त्यांची लेक सुजाता लग्न करून स्पेनला गेली, आणि विहीणबाईंना स्पॅनिशशिवाय काही येत नाही.

पहिल्या दिवशी म्हणाले, "मॅडम, त्या फोनवर लय बोलत्यात, आन् मी नुसता हसतो. तीस वर्षं फौजेत काढल्याला माणूस, बरं दिसतं का?"

•

एकदा बेचैनीचे शब्द घेतले. इंग्लिशचे रेस्टलेस, अनइझी. स्पॅनिशचे इंकिएतो, देसासोसिएगो. इस्लामपूरची वैशाली नर्स आहे. ती म्हणाली, "मॅडम, आपले पण लिहा की."

चुळबूळ, रुखरुख, हुरहूर, धाकधूक, तगमग, घालमेल... फळा संपला! आम्ही सगळे त्या फळ्याकडे अभिमानानं बघत बसलो.

"एवढे कशाला लागतात गं?" मी विचारलं.

"शेतातला ऊस तोडायला टोळी येईपर्यंत सगळे लागतात, मॅडम," वैशाली म्हणाली.

•

गृहपाठ दिला, की या शब्दांवर स्वतःबद्दल एक वाक्य लिहा. आबांनी लिहिलं, 'खेचर बेचैन आहे.' पोस्टिंगवर त्यांच्याकडे सामान वाहायला एक खेचर होतं म्हणे. पुढच्या आठवड्यातही खेचर, त्याच्या पुढच्याही.

"आवं आबा, तुमचं काय?" मी विचारलं.

"आमचं काय? आमचं ऑल ओके. फौजेत तसाच रिपोर्ट देत्यात."

वैशाली म्हणाली, "मग त्या खेचराला तरी सुट्टी द्या."

•

बोलायच्या सरावात वैशाली नर्स झाली, आबा पेशंट. कसं वाटतंय? "बिएन." म्हणजे छान. ताप? "बिएन." पाय मोडलाय ना? "बिएन."

"मॅडम, ह्यांना डिस्चार्ज देते," वैशाली म्हणाली.

•

आणि गेल्या मंगळवारी क्लास चालू असताना आबांचा फोन वाजला. व्हिडिओवर विहीणबाई, दवाखान्याच्या व्हरांड्यात. सुजाताला बाळंतपणासाठी आत नेलं होतं. आबा ताठ उभे राहिले.

सुजाता जन्मली तेव्हा ते सरहद्दीवर होते, पत्र महिन्यानं मिळालं. हे त्यांनीच सांगितलेलं, हसत.

"कोमो एस्ता?" विहीणबाईंनी विचारलं. कसे आहात?

आता 'बिएन' येणार म्हणून वैशालीचे ओठ आधीच हलले. आबा मात्र सावकाश म्हणाले, "मुय इंकिएतो, सेन्योरा." फार बेचैन आहे, बाई.

पलीकडे त्या माउलीचा बांध फुटला. "यो ताम्बिएन." मी पण.

मग दोघं खाली बसून कितीतरी वेळ बोलली. आबांची निम्मी क्रियापदं चुकली. मी एकही सुधारलं नाही. त्या माणसाचा इतका अभिमान मला कधीच वाटला नव्हता.

गुरुवारी आबांनी गृहपाठाची वही पुढं केली. स्पॅनिशमध्ये दोनच वाक्यं होती.

'खेचर आता शांत आहे. नात झाली.'