एकट्याक विचारूंक जाय

नवजात बाळांना ऊब देणाऱ्या यंत्राचं कंट्रोल कार्ड आमच्या गोव्यातल्या, डिचोलीच्या कंपनीत बनतं. त्याचा सी भाषेतला प्रोग्राम मी लिहितो आणि तो तपासणारे गृहस्थ नार्वे गावाहून स्कूटरवर येतात. माझं एकेक फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा एकेक तुकडा, ते बाकीच्यांपासून तोडून घेतात, तापमान मोजणाऱ्या खऱ्या सेन्सरच्या जागी स्वतः लिहिलेला खोटा सेन्सर बसवतात आणि त्याच्याकडून नको नको ते आकडे पाठवतात. टेस्ट पहिल्याच फटक्यात पास झाली तर त्यांचा चेहरा पडतो. मग ते माझ्या कोडमध्ये मुद्दाम एक चूक घालतात, टेस्ट ती पकडून नापास होते हे बघतात, चूक काढतात आणि मगच जेवणाचा डबा उघडतात.

एकदा वैतागून मी म्हणालो, "सगळं जोडल्यावर चालतंय ना?"

"गर्दींत सगळे हय म्हणटात," ते म्हणाले. "एकट्याक विचारूंक जाय." एकेकट्यालाच विचारायला हवं, असं त्यांचं म्हणणं.

गेल्या सोमवारी मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "माल पाठवायचा ना?" तीन आठवडे आम्ही कोणी धड झोपलो नव्हतो. सगळ्यांनी होकारार्थी माना हलवल्या. सेन्सर वाचणारं फंक्शन मी तपासायला दिलंच नव्हतं, तरी मीही हलवली. नार्व्याचे गृहस्थ तेवढे माझ्याकडे बघत राहिले.

जेवणानंतर हात धुताना ते शेजारच्या नळावर आले.

"आतां तूं एकटोच आसा," ते हळू म्हणाले. "सेन्सराची वायर तुटली जाल्यार?"

नळ बंद करायला मला उगाच वेळ लागला.

"हीटर चालूच राहतो," मी म्हणालो.