यांनी जोडलेला रेडिओ

लोणावळ्याच्या आमच्या घरात रविवार म्हणजे माझ्या डोक्याला ताप असायचा. जेवणं उरकतात न उरकतात तोच यांचे मित्र यायचे आणि ओटीवर पत्रे, तारा, कॉइली, पुण्याच्या जुन्या बाजारातले दिव्यांसारखे काचेचे व्हॉल्व्ह असा सगळा पसारा मांडून बसायचे. प्रत्येकाने आपापला रेडिओ स्वतःच्या हातांनी जोडायचा, हा त्यांचा नाद. दुकानातून तयार रेडिओ आणणाऱ्या माणसाची त्यांना कीव यायची. या जमावाला ते मंडळ म्हणायचे. मंडळाला नाव नव्हतं की पाटी नव्हती. चहा मात्र होता, आणि तो मी करायचे. तारांना डाख देताना जळणाऱ्या राळेचा वास माझ्या पातळांना लागायचा तो आठवडाभर जायचा नाही.

ही साठ सालानंतरची गोष्ट. हे रेल्वेच्या तार ऑफिसात होते. वडगावहून कोर्टातले कारकून भावजी यायचे. दुसरे भावजी उर्से गावचे, भातशेती करणारे. त्यांच्या गावात तेव्हा वीज नव्हती, तरी हा माणूस सायकल तळेगाव स्टेशनावर टाकून गाडीने आमच्याकडे यायचा आणि यांच्या शेजारी मांडी घालून कॉइल गुंडाळत बसायचा. आम्हाला मूलबाळ नव्हतं. त्यामुळे मी कितीही कुरकुरले तरी रविवारी घर भरलेलं असायचं, आणि ते मला आवडायचं. हे मी त्यांना कधी कळू दिलं नाही.

आमच्याकडच्या पावसाळ्यात मिठाचं पाणी होतं आणि पेटीतल्या कपड्यांवर बुरशी चढते. रेडिओही बंद राहिला की ओल धरतो. म्हणून मंडळाचा एक नियम होता. पावसाळ्यात सेट रोज संध्याकाळी चालू करून तापवायचा, ऐकायचं असो वा नसो. कुणी गावाला गेला तर दुसऱ्याने त्याच्या घरी जाऊन तापवायचा. माझा नवरा भर पावसात शेजारच्या आळीत कुणाचा तरी रेडिओ तापवायला जायचा आणि इकडे माझी लाकडं ओली पडलेली असायची. मी बोलायचं काही बाकी ठेवत नसे.

यांच्या सेटला एक खोड होती. ट्रान्सफॉर्मर यांनी स्वतः गुंडाळलेला. बटण फिरवलं की जरा वेळ काहीच नाही, मग घूंऽऽ असा आवाज सुरू व्हायचा, आणि तो चांगला घुमला की मग स्टेशन लागायचं. मित्र चिडवायचे, "आधी भुंगा, मग बातम्या." हे म्हणायचे, "पुढच्या रविवारी काढतो." तो रविवार काही उजाडला नाही. रोज संध्याकाळी भुंगा घुमायला लागला की हे ओटीवरून हाक मारायचे, "ये गं, तापला." मी हात पुसत बाहेर जायचे.

एका उन्हाळ्यात पोटदुखीचं निमित्त झालं आणि हे गेले.

त्यानंतर रोज संध्याकाळी बटण मी फिरवू लागले. आवाज घुमायला लागायचा आणि तेवढा वेळ वाटायचं, हे खुर्चीत बसलेत, आता हाक मारतील. मग निवेदकाचा आवाज आला की मी रेडिओ बंद करायचे. मला बातम्यांशी काय करायचं होतं? मला तेवढा आवाज हवा होता. दिवसभर मी त्याच्यासाठी थांबलेली असायचे.

आषाढात सेट खरखरायला लागला आणि एका संध्याकाळी पार गप्प झाला. वडगावला निरोप धाडला तसे दोघेही भावजी भिजत आले. मी म्हटलं, "याला मरू देऊ नका. माझ्याकडे यांचं एवढंच राहिलंय."

"वैनी, तुमी काळजी करू नगा," उर्शाचे भावजी म्हणाले. "दादाचा सेट हाय त्यो. आमी मरू दिऊ व्हय?"

घोंगडीत गुंडाळून त्यांनी तो नेला.

त्या वर्षी आमच्याकडे दिवाळी नव्हती. दिवाळीनंतरच्या रविवारी दोघे सेट घेऊन आले. पुसून पुसून लखलखीत केलेला. कारकून भावजी म्हणाले, "वहिनी, बटण तुम्ही फिरवा." मी फिरवलं आणि वाट पाहत राहिले. काहीच नाही. आणि मग एकदम कुणा बाईचं गाणं लागलं, खणखणीत, शेजारी बसून म्हणावं तसं.

"भुंगा काढला!" कारकून भावजींना आनंद आवरत नव्हता. "त्याच्या हातून राहिलं होतं ना, ते आम्ही पुरं केलं."

"लय मनात व्हतं दादाच्या," दुसरे म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले.

गेलेल्या माणसाच्या नावाने लोक देवळाला समई देतात, जेवण घालतात. या दोघांनी त्याच्या यंत्रातला दोष शोधून काढला होता. त्यांना त्याहून मोठं काही ठाऊकच नव्हतं. मी म्हटलं, "फार छान झालं हो." मग चहाचं निमित्त करून आत गेले आणि पदराचा बोळा तोंडात कोंबून रडले.

पौषात उर्शाचे भावजी नवे तांदूळ घेऊन एकटेच आले. तेव्हा मला राहवलं नाही. विचारलं, "भावजी, तो आवाज परत घालता येईल का?"

ते हसले नाहीत. त्यांचा चेहरा उतरत गेला. मग त्यांनी सेट उघडला. दोघांनी हलवलेला ट्रान्सफॉर्मर पहिल्या जागी बसवला, तारा आठवून आठवून होत्या तशा फिरवल्या. दुपारभर त्यांनी मान वर केली नाही. मग बटण फिरवलं, आणि आवाज घुमायला लागला.

जाड होता, भसाडा. यांचा नव्हता.

"न्हाई ना?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी एक तार जरा सरकवली, दुसराच आवाज आला. पुन्हा सरकवली, आणखी तिसरा. शेवटी त्यांनी पेचकस खाली ठेवला. ओटीवर तो परका आवाज घुमत होता.

"काय करू, वैनी? ऱ्हाऊ दिऊ का गप करू?"

"गप करा," मी म्हटलं.